ऑनलाइन धमक्या आणि शिवीगाळ: नाशिकमधल्या सार्वजनिक व्यक्तींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरसेवक, सरपंच, बाजार समितीचे संचालक, पत्रकार, कीर्तनकार, तपोवनातल्या झाडांसाठी भांडणारे कार्यकर्ते, महापालिकेतले अधिकारी आणि मोबाइलवर व्हिडिओ करून नाव मिळवलेली तरुण मंडळी यांच्याकडून हे प्रश्न सारखे येतात. शेवटचे काही प्रश्न पलीकडच्या बाजूचे आहेत, म्हणजे रागाच्या भरात लिहून बसलेल्यांचे. उत्तरे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार दिली आहेत. लोकांच्या तोंडी अजून जुने कलम असेल तिथे तेही दिले आहे.

१. टीका, शिवीगाळ आणि धमकी यांत फरक कसा ओळखायचा?

'गंगापूर रोडच्या खड्ड्यांना हाच माणूस जबाबदार, पुढच्या वेळी पाडा याला.' ही टीका झाली. पाडायचे ते निवडणुकीत, हे वाचणाऱ्याला कळते. त्याच वाक्यात आई-बहीण आली की ती शिवीगाळ. 'वॉर्डात पाऊल टाकून दाखव, पाय जागेवर राहणार नाहीत' ही धमकी.

कलम ३५१ (जुने ५०३ आणि ५०६) धमकीसाठी दोन गोष्टी बघते. पहिली, शरीराला, मालमत्तेला किंवा अब्रूला इजा करण्याची भाषा आहे का. ही इजा तुमची असो वा तुमच्या जवळच्या माणसाची. दुसरी, ती भाषा तुम्हाला घाबरवण्यासाठी किंवा तुमच्याकडून काही करवून घेण्यासाठी, काही करण्यापासून रोखण्यासाठी वापरली आहे का. 'कोर्टात खेचतो' किंवा 'आयुक्तांकडे तक्रार करतो' यांत बेकायदा इजा नाही, म्हणून ती धमकीही नाही. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका जोडप्याने तिखट तक्रार लिहिली आणि त्यांच्यावर धमकीचा गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये माणिक तनेजा खटल्यात तो रद्द केला, कारण भीती घालण्याचा हेतू कुठे दिसत नव्हता.

२. सार्वजनिक जीवनात आहे म्हणजे सगळं सहन करायचं का?

टीका इतरांपेक्षा जास्त सहन करावी लागते. सार्वजनिक पदावरच्या कामाबद्दल लोकांनी बोलण्याला न्यायालये मोठी मोकळीक देतात. राजगोपाल खटल्यापासून (१९९४) हा विचार पक्का झाला आहे. धमकीच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही सवलत नाही. आमदार असो की भाजीवाला, कलम एकच.

उलटही लक्षात ठेवा. 'कामं करत नाही', 'टक्केवारी खातो', 'नालायक आहे' असल्या प्रत्येक कमेंटवर पोलीस ठाण्यात जाणाऱ्याची खरी धमकीची तक्रारही पुढे हलकी धरली जाते.

३. आत्ताच धमकी आली आहे. पहिल्या तासात काय करायचं?

धमकीत आजची वेळ, तुम्ही आता आहात ती जागा किंवा घरच्यांचा उल्लेख असेल तर बाकी सगळे सोडून ११२ ला फोन करा. १९३० हा क्रमांक पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. अनेक जण घाईत तोच लावतात आणि वेळ जातो.

एवढी निकड नसेल तर उत्तर देऊ नका आणि ब्लॉकही करू नका. ब्लॉक केले की ते प्रोफाइल तुम्हालाच दिसेनासे होते आणि पुरावा गोळा करणे अवघड होते. आधी फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा. तुमची मूळ पोस्ट, तिच्याखालची ती कमेंट, कमेंट टाकणाऱ्याचे प्रोफाइल आणि त्याच्या अलीकडच्या दोन-चार पोस्ट, हे सगळे एका सलग रेकॉर्डिंगमध्ये घ्या. मग त्या कमेंटची लिंक काढा. फेसबुक आणि यूट्यूबवर कमेंटच्या शेजारी जी वेळ दिसते ('३ तासांपूर्वी' वगैरे) तिच्यावर टिचकी मारली की थेट त्या कमेंटचा पत्ता उघडतो. तो कॉपी करा. खात्याचे दिसणारे नाव आणि अॅट चिन्हानंतरचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही लिहून घ्या. खातेदार ही नावे कधीही बदलू शकतो. खात्याचा आतला क्रमांक बदलत नाही आणि तुम्ही दिलेल्या लिंकवरून पोलीस तिथपर्यंत पोचू शकतात.

व्हॉट्सअॅपवर मेसेज असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि संवाद 'एक्सपोर्ट' करून ठेवा. पाठवणाऱ्याला 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला साधारण दोन दिवस मिळतात, म्हणून हे काम उद्यावर ढकलू नका.

घरात आणि कार्यालयात एका माणसाला सांगून ठेवा. रिपोर्ट आणि ब्लॉक हे सगळ्यात शेवटी.

४. स्क्रीनशॉट पुरेसा असतो ना?

तक्रार देण्यापुरता असतो, खटला चालवायला नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग ज्याच्या फोनमधून किंवा संगणकातून पुरावा निघाला त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा. फाइलमध्ये एक टिंब बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो.

गडबड इथेच होते. लोक स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर 'फोटो' म्हणून वकिलाला पाठवतात. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते, म्हणजे वकिलाकडे पोचते ती वेगळीच फाइल. पाठवायचेच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा सरळ पेनड्राइव्हवर द्या. तसेच शिवीभोवती लाल गोल काढायचा मोह आवरा. मूळ फाइल कोरी ठेवा, गोल तिच्या प्रतीवर काढा. फोन फॉरमॅट करू नका आणि प्रकरण मिटेपर्यंत विकू नका.

५. त्याने कमेंट उडवली. आता पुरावा गेला का?

तुम्ही प्रश्न ३ प्रमाणे जपून ठेवला असेल तर गेला नाही. कंपनीकडे काय राहते, त्याचे उत्तर थोडे किचकट आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीने तक्रारीवरून किंवा आदेशावरून मजकूर हटवला तर तो १८० दिवस जपून ठेवावा लागतो. खाते बंद केले तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवावी लागते. पण लिहिणाऱ्याने स्वतःहून एक कमेंट पुसली तर ती याच मुदतीत बसते असे गृहीत धरू नका. म्हणून तक्रार अर्जात एक वाक्य आवर्जून घाला: 'संबंधित कंपनीस सदर खात्याची व मजकुराची माहिती जतन करण्याबाबत तातडीने कळवावे.' सहा महिने 'बघू, थंड होईल' म्हणत बसलात तर नोंदी खरोखरच जातात.

६. तक्रार कुठे द्यायची? सायबरला, जवळच्या ठाण्यात की पोर्टलवर?

नाशिक शहर आयुक्तालयाचे सायबर पोलीस ठाणे वेगळे आणि नाशिक ग्रामीणचे वेगळे. पंचवटी, सातपूर, अंबड, नाशिकरोड, देवळाली कॅम्प हे शहरात येतात. ओझर, सिन्नर, निफाड, त्र्यंबकेश्वर, मालेगाव ग्रामीणमध्ये. पण हद्दीच्या कारणावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. हीच 'झिरो एफआयआर'. नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते.

आमचा सल्ला असा: जिवाची किंवा मारहाणीची धमकी असेल तर तुमच्या राहत्या भागाच्या ठाण्यात जा. गस्त वाढवायची, दारावर माणूस पाठवायचा तर ते तेच करू शकतात. बनावट खाते, मॉर्फ केलेले फोटो, खाते हॅक होणे यासाठी सायबर. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते, मात्र पोर्टलची पावती म्हणजे एफआयआर नव्हे. ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत प्रत्यक्ष सही करावी लागते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो. ठाण्यात 'साहेब आल्यावर या' म्हणतात, त्यामागे कधीकधी हेच कारण असते.

७. अर्जात काय लिहायचं? शिव्या लिहायला संकोच वाटतो.

संकोच बाजूला ठेवा. 'अश्लील शब्द वापरून अपमान केला' एवढेच लिहिलेत तर पुढे न्यायालयासमोर काहीच राहत नाही, कारण कोणते शब्द हेच कळत नाही. शब्द जसाच्या तसा लिहा. रोमन लिपीत होता तर तसाच, चुकीच्या स्पेलिंगसकट. उदाहरणार्थ:

'दि. १२ रोजी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी माझ्या फेसबुक पोस्टखाली सोबत जोडलेल्या लिंकवरील खात्यावरून "..." अशी कमेंट आली. तीत माझ्या गाडीचा रंग व मुलीच्या क्लासची वेळ नमूद आहे. ही माहिती मी कुठेही जाहीर केलेली नाही. याच खात्यावरून यापूर्वी दि. ३ व दि. ७ रोजी आलेल्या कमेंट सोबत जोडल्या आहेत.'

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. अर्ज एक-दोन पानांचा असावा. पक्षातले राजकारण, जुने वैर, 'हे कोणाच्या सांगण्यावरून चालले आहे ते सर्वांना ठाऊक आहे' असली वाक्ये गाळा. संशय असेल तर नाव आणि संशयाचे कारण एका ओळीत द्या.

८. पोलिसांनी एनसी घेतली. म्हणजे केस सुरू झाली ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच एका कागदाबद्दल आहेत. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेश दिल्याशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. लोक एनसीचा कागद फाइलला लावून महिनोन्महिने वाट पाहतात आणि तिकडे नोंदींची मुदत संपते (प्रश्न ५).

कलम ३५१ च्या साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठार मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची, जाळपोळीची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. गंमत म्हणा की दुर्दैव, कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही अदखलपात्रच आहेत. पण एकाच घटनेत एक जरी दखलपात्र गुन्हा असेल तर सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्येच आहे. म्हणून घडलेले सगळे सांगा. धमकीसोबत तुमच्या नावाचे बनावट खाते होते का, पैसे मागितले का, बाईमाणसाचा पाठलाग चालला होता का, दोन समाजांत तेढ पाडणारे काही होते का? नसलेले मात्र घुसडू नका. ते पुढे तुमच्यावरच उलटते.

एनसीच झाली तर त्या कागदासह जिल्हा न्यायालयात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. खाजगी फिर्यादही करता येते, त्यात न्यायालय दखल घेण्याआधी समोरच्याचे म्हणणे ऐकते.

९. मग कोणती कलमं लागतात?

धमकीचे वर आलेच. नाव लपवून किंवा बनावट खात्यावरून दिली असेल तर ३५१(४) खाली आणखी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शांतता बिघडावी या हेतूने केलेला अपमान ३५२ (जुने ५०४). धर्म, जात, भाषा यांवरून तेढ १९६ (जुने १५३अ), हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. बदनामी ३५६, पण तिच्यासाठी पोलीस नव्हे, न्यायालयात फिर्याद. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा तर मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत. दुसऱ्याची ओळख वापरणे माहिती तंत्रज्ञान कायदा ६६क आणि ६६ड.

याच कायद्यातले आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचे कलम '६६अ' लावा असे सांगणारे अजून भेटतात. २०१२ साली पालघरमध्ये दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यावरून देशभर वादळ उठले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच रद्द केले. अश्लील मजकुराचे '६७ लावा' हेही सरसकट चालत नाही. नुसत्या शिव्या असभ्य असल्या तरी आपोआप अश्लील ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणात सांगितले.

१०. ठाण्यात घेतच नाहीत. पुढे?

तक्रारीचा सारांश पोस्टाने वरिष्ठांना पाठवा. ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षक, शहरात आयुक्तालय. रजिस्टर्ड पोस्टाची पावती जपा. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकारी. ही पायरी गाळून थेट न्यायालयात गेलात तर अर्ज तिथेच अडतो.

तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. बोलण्या-लिहिण्यासंबंधीच्या गुन्ह्यात अशी चौकशी करणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी खटल्यात म्हटले. तेव्हा 'चौकशी चालू आहे' हे नेहमीच टोलवणे नसते. मात्र १४ दिवस मोजा. एफआयआर झाली की तिची प्रत मोफत मिळते आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

११. 'बघून घेतो' असं रोज कोणीतरी लिहितं. खरी धोक्याची धमकी कोणती?

शिव्यांचा जोर आणि धोका यांचा फारसा संबंध नसतो. चार ओळी शिव्या देणारा बहुधा राग ओकून मोकळा होतो. जास्त लक्ष द्यावे ते थंड आणि नेमक्या वाक्याकडे. त्यात वेळ, जागा, रस्ता, गाडीचा नंबर, घराचा फोटो, मुलांची नावे आहेत का? तोच माणूस वेगवेगळ्या ठिकाणी मागे लागला आहे का, आज फेसबुक, उद्या फोन, परवा कार्यालयाबाहेर? आधी 'तुम्ही' म्हणणारा एकाएकी शेवटची मुदत देऊ लागला का? यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर प्रश्न ३ आणि ६ प्रमाणे त्याच दिवशी हालचाल करा.

शब्दांत धमकी नसूनही धमकी असू शकते. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, तेव्हापासून 'तुमचा दाभोलकर होईल' या वाक्याला महाराष्ट्रात एकच अर्थ आहे. जून २०२३ मध्ये शरद पवारांना समाजमाध्यमांवरून आलेली धमकी याच धाटणीची होती. मराठी न कळणाऱ्या तपासनिसाला किंवा यंत्राला त्यात फक्त एक आडनाव दिसते. 'चौकात हार घालू', 'तेराव्याला भेटू', 'लाडू वाटू' यांचेही तसेच. अर्जात आणि रिपोर्टमध्ये अशा वाक्याचा अर्थ एका ओळीत उलगडून लिहा.

१२. फेसबुकला रिपोर्ट केलं, 'नियमभंग आढळला नाही' असं उत्तर आलं.

पहिले उत्तर बहुतेकदा यंत्राचे असते आणि मराठीत यंत्र कच्चे आहे, रोमन लिपीतल्या मराठीत तर फारच. आधी तिथल्या तिथे 'पुन्हा तपासा' मागा. मग कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो. पोच २४ तासांत मिळायला हवी. त्याच्या निर्णयावर समाधान नसेल तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. ही सोय मार्च २०२३ पासून चालू आहे, आणि कमीच लोकांना माहीत आहे.

शंभर कार्यकर्त्यांना एकदम रिपोर्ट करायला लावून फारसा फरक पडत नाही. अर्थ उलगडून सांगणारा एक नीट रिपोर्ट जास्त कामाचा.

१३. माझ्या नावाने बनावट खातं आहे, किंवा माझा चेहरा लावून व्हिडिओ केला आहे.

तोतयेगिरी आणि नग्न किंवा लैंगिक मजकूर यांच्या तक्रारीला २०२१ च्या नियमांत मुळातच २४ तासांची कडक मुदत होती, २०२६ मध्ये ती आणखी कमी झाली, म्हणून रिपोर्ट करताना 'शिवीगाळ' हा पर्याय न निवडता 'तोतया खाते' हाच निवडा. ओळखपत्र मागतील, तयार ठेवा. वर स्पष्ट 'विडंबन' लिहिलेले खाते सहसा हटत नाही. राजकीय चेष्टेला तेवढी जागा असावी, असे आमचेही मत आहे.

१४. बाईमाणूस आहे म्हणून वेगळंच काहीतरी लिहितात.

महिला सरपंच, नगरसेविका, पत्रकार यांना टीकाही चारित्र्यावरून होते. इथे कायदा जास्त धारदार आहे. ऑनलाइन पाठलाग, नको म्हटल्यावर सतत संपर्क, काय लिहिते-वाचते यावर पाळत हे कलम ७८, पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत. विनयाचा अवमान ७९, लैंगिक शेरे ७५. तिन्ही दखलपात्र. ७९ फक्त बोललेल्या शब्दांना लागते हा बचाव आता चालत नाही. ईमेलमधले लिखित शब्दही त्यात येतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. शिवाय चारित्र्यावर कलंक लावण्याची धमकी ३५१ च्या सात वर्षांच्या गटात मोडते.

नवऱ्याने किंवा सासऱ्याने अर्ज दिला तरी चालतो का, असे विचारतात. खबर कोणीही देऊ शकतो, पण जबाब तिचाच लागणार. तिलाच नीट सांगू द्या.

१५. जातीवरून शिवी दिली तर?

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, त्या समाजाबाहेरच्याने, लोकांना दिसेल अशा ठिकाणी जातीवरून हिणवले तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, आणि अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच आडकाठी. उघड पोस्ट किंवा कमेंट 'लोकांना दिसेल' यात बसते. फक्त तुम्हालाच आलेला खाजगी मेसेज सहसा बसत नाही, तिथे बाकीची कलमे पाहावी लागतात. जातीचा दाखला अर्जासोबतच जोडा.

१६. ग्रुपमध्ये दुसऱ्याने शिवी टाकली. अॅडमिन म्हणून मी अडकतो का?

केवळ अॅडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसे स्पष्ट केले. सामाईक हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला तर गोष्ट वेगळी. म्हणून 'जबरी' म्हणत अंगठा देऊ नका. मेसेज जपून घ्या, मग ग्रुपमधून पुसा. कांद्याचे भाव पडले की लासलगाव-पिंपळगावकडच्या ग्रुपांत संचालकांच्या नावाने जे पडते, त्यातले निम्मे अॅडमिनने 'फक्त अॅडमिन लिहू शकतात' हा पर्याय रात्रीपुरता लावला तर थांबेल.

१७. बनावट खात्यामागचा माणूस सापडतो का?

बऱ्याचदा सापडतो, वेळ मात्र लागतो. पोलीस कंपनीकडून नोंदणीचा फोन, ईमेल आणि आयपी पत्त्यांच्या नोंदी मागवतात, मग तो आयपी ज्या मोबाइल कंपनीचा आहे तिच्याकडून ग्राहकाचे नाव. अडचण अशी की मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. नेमकी वेळ आणि 'पोर्ट' क्रमांक नसेल तर नावांची लांबलचक यादी हाती येते. दुसरा घोळ वेळेचा. परदेशी कंपन्यांच्या नोंदी यूटीसी वेळेत असतात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. पहाटे दोनची कमेंट तिथे आदल्या दिवशी रात्री साडेआठची दिसते. म्हणून तुमच्या अर्जात मिनिटासकट वेळ आणि 'भारतीय वेळ' हे शब्द हवेत.

स्वतः शोध लावू नका. 'हाच तो' म्हणून कोणाचा फोटो फिरवला आणि तो भलताच निघाला, तर बदनामीची फिर्याद तुमच्यावर होते.

१८. पानावरच शिव्या येऊ नयेत म्हणून काय करता येईल?

फेसबुक पान, इन्स्टाग्राम, यूट्यूब तिन्हीकडे शब्दांची गाळणी आहे. यादीत टाकलेला शब्द आला की कमेंट लपते किंवा मंजुरीसाठी थांबते. नुसती देवनागरी यादी अपुरी पडते. प्रत्येक शिवीची रोमन रूपे, मध्ये तारा किंवा टिंबे घातलेली रूपे, अक्षरे लांबवलेली रूपे टाकावी लागतात. एका शिवीची सहज आठ-दहा होतात.

पण यादी करताना हात आवरता घ्या. नगरसेवकाच्या पानावर 'कुत्रा', 'डुक्कर' आणि 'कचरा' हे शब्द गाळणीत टाकले की मोकाट कुत्र्यांच्या, डुकरांच्या आणि न आलेल्या घंटागाडीच्या सगळ्या तक्रारी गायब होतात, आणि लोक म्हणतात साहेब उत्तर देत नाहीत. नागरिकांच्या कामाचे शब्द यादीबाहेर ठेवा आणि लपलेल्या कमेंट आठवड्यातून एकदा चाळा. धमक्याही तिथेच जाऊन पडतात आणि कोणी पाहत नाही.

१९. माझा पत्ता आणि मुलांची शाळा टाकली आहे.

यासाठी स्वतंत्र कलम नाही. कार्यालयाचा पत्ता सार्वजनिकच असतो, आणि निवडणूक लढवली असेल तर प्रतिज्ञापत्रातून घराचाही उघड असतो. मुलांची शाळा, क्लासच्या वेळा, आईवडिलांचे घर हे मात्र खाजगी. कंपनीकडे 'खाजगी माहिती उघड केली' या सदरात रिपोर्ट करा, आणि सोबत धमकी असेल तर अर्जात दोन्ही गोष्टी एकत्र मांडा. शाळेला लेखी कळवा की मुलांना कोणाच्या हवाली करायचे. वाढदिवसाच्या फलकांवरचे मुलांचे फोटो जरा कमी केलेत तरी बरेच काम होते.

२०. पत्रकार किंवा सरकारी अधिकारी असेल तर वेगळा कायदा आहे ना?

पत्रकारांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, पण तो हिंसक कृत्ये आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी. नुसत्या ट्रोलिंगला तो लागत नाही. लोकसेवकाला कामावरून धमकावले तर कलम २२४. शासकीय कामात अडथळ्याचे प्रसिद्ध 'तीनशे त्रेपन्न' (आता १३२) हल्ला किंवा बळाचा वापर असल्याशिवाय बसत नाही. प्रश्न १ मधल्या खटल्यात तेही रद्द झाले होते.

२१. शिव्या देणारा अकरावीतला मुलगा निघाला.

अठराखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्याचे नाव, फोटो, कॉलेज कुठेही टाकायचे नाही. तुम्ही टाकलेत तर गुन्हा तुमच्याकडून घडतो. पालकांसमोर ठाण्यात समज देऊन अनेक प्रकरणे मिटतात, आणि ते वाईट नाही.

२२. रागात मी लिहून बसलो. आता पोलिसांची नोटीस आली आहे.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. दिलेल्या तारखेला जा. न गेल्यास अटकेचे कारण तुम्हीच देता. फोनमधले पुसू नका. पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. मूळ जपून पोस्ट फक्त लोकांच्या नजरेआड कशी करायची, हे वकिलाला विचारून ठरवा. टीका आणि धमकी यांतली रेघ प्रश्न १ मध्ये आहे. तुमचे वाक्य टीकेच्या बाजूला पडत असेल तर जबाबात तसे ठामपणे सांगा.

२३. आमचे कार्यकर्ते त्याच्या घरी गेले आणि माफीचा व्हिडिओ करून घेतला. आता मिटलं ना?

उलट, आता सुरू झाले. घरात घुसणे, अडवून ठेवणे, कान धरायला लावणे, तोंडाला काळे फासणे हे सगळे स्वतंत्र गुन्हे आहेत आणि तो व्हिडिओ म्हणजे कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हाताने तयार केलेला पुरावा. चेहरे त्यात स्वच्छ दिसतात, आवाजही. मूळ शिवी अदखलपात्र होती, यातले बरेचसे दखलपात्र आहे. 'साहेबांना माहीत नव्हते' हे तेव्हाच पटते जेव्हा साहेबांनी त्याच दिवशी लेखी सांगितलेले असते की कोणीही कोणाच्या दारी जायचे नाही. तुमच्या बाजूने इतरांना दिल्या जाणाऱ्या शिव्यांचेही तसेच. तुमच्या पानावरच्या तेवढ्या तरी पुसा.

२४. समोरच्याने माफी मागितली. तक्रार मागे घेता येते का?

साधी धमकी, ३५२ चा अपमान आणि बदनामी यांत तडजोड होऊ शकते. ज्याला धमकावले किंवा ज्याची बदनामी झाली त्याने न्यायालयात तसे सांगायचे. ठाण्यात 'आमचे मिटले' असा कागद देऊन दाखल झालेली एफआयआर रद्द होत नाही. ७८ च्या पाठलागात अशी तडजोड नाही. दोघांनी मिळून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जावे लागते, आणि न्यायालय नाहीही म्हणू शकते. माफी लेखी घ्या, तीत खात्याची लिंक आणि 'पुन्हा संपर्क करणार नाही' हे वाक्य असू द्या. पुरावा लगेच पुसू नका. तोच माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या नावाने आला तर जुनी फाइल लागेल.